ओल्या फडक्यातली पट्टी

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे नाही. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला अजून नीट कळत नाही. हात लांब गेला की दुसरी होते. मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे आणि ती घरी नसताना लिहिते. कुणाला दाखवायचं नाही तर माफी कशाला, असं ती विचारेल. ही माफी कुंदासाठी, माझ्या मैत्रिणीसाठी आहे. कुंदा असती तर लाल पेन घेऊन बसली असती आणि प्रत्येक ओळीत दोनदोन चुका दाखवून हसली असती. तिचा तोच उद्योग होता.

आमचं माहेर निपाणीचं. बाबा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आई, मोठी बहीण आक्का आणि मी बिड्या वळायचो. सकाळी चूल झाली की तिघी दाराशी उजेडाला बसायचो, मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा आणि दोऱ्याचं रीळ. आमच्या घरात भाकरीलाही जर्द्याचा वास यायचा. हात कितीही धुवा, बोटांच्या पेरांत तो राहायचाच. आई खर्डा वाटायची तेव्हा मिरचीचा ठसका कुठला आणि तंबाखूचा कुठला हे आम्हाला सांगता आलं नसतं. पानं आदल्या संध्याकाळी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. कोरडं पान वळताना तडकतं. तडकलेली बिडी कारखान्यात बाजूला फेकतात, आणि दिवस तेवढा फुकट जातो. वाकवायचं ते आधी भिजवायचं, हे मला बाराखडीच्या आधी आलं. कुणी शिकवलं म्हणून नाही, हाताला आपोआप लागलं.

आमची मागची भिंत आणि शाळेतल्या गुरुजींची मागची भिंत एकच होती. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत, आमचं इकडच्या. भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून त्यांच्या देवघरातली घंटा, त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची फोडणी आणि गुरुजींचा खोकला आमच्याकडे यायचा. आमच्याकडून त्यांच्याकडे जर्दा जात असणार. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी लहानपणापासून त्यांच्या बाहेरच्या खोलीपर्यंत जायची. आतल्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नको असं मला कुणी कधी म्हटलं नाही, आणि मीही कधी ओलांडला नाही. ते तसंच चालत आलेलं होतं.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि बेळगावच्या एका ऑफिसातून निघालेला जुना कंप्युटर घेऊन आले. त्यावर लग्नपत्रिका जुळवून द्यायच्या, एवढाच धंदा. कुंदा त्यांची एकुलती एक, माझ्याहून वर्षभरानं मोठी, जाड चष्म्याची. यंत्र जुनं होतं, सारखं अडायचं. पेटीचं झाकण काढलं की आत धूळ आणि राखाडी रंगाची, चार बोटं रुंद, चपटी पट्टी. ती पट्टी हार्ड डिस्कपासून खालच्या मोठ्या पाटीपर्यंत, मदरबोर्डपर्यंत, जायची. डिस्क म्हणजे यंत्राची आठवण ठेवायची डबी, असं कुंदानं मला सांगितलं होतं. पट्टी जरा ढिली झाली की यंत्राला काही आठवायचं नाही. गुरुजींची बोटं जाड आणि थरथरती. कुंदाला चष्मा लावूनही पिना दिसायच्या नाहीत. एके दिवशी तिनं झरोक्यातून हाक मारली, "रत्ने, ये जरा. तुझी बोटं हवीत."

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. पट्टीची एक कड लाल असते. ती लाल कड डिस्कच्या वीज येणाऱ्या प्लगाच्या बाजूला ठेवायची, म्हणजे उलटी बसत नाही. पिनांच्या दोन ओळी असतात, मधली एक पिन मुद्दाम नसते. दाबायचं ते दोन्ही टोकांना सारखं, नाहीतर पिन वाकते. काढताना पट्टीला धरून ओढायचं नाही, टोकाच्या काळ्या बोंडाला धरून हळूहळू हलवायचं. वाचायला हे सगळं अवघड वाटत असेल, पण हजार बिड्यांची तोंडं मुडपणाऱ्या बोटांना त्यात काही अवघड नव्हतं. घरी आले की आक्का म्हणायची, "आली काय कंप्युटरची डाक्टरीण? बस आता, पेशंट वाट बघत्यात," आणि पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवायची.

गुरुजींची तपासायची एक पद्धत होती. डोळे अधू झालेले, त्यामुळे एक नजर कागदावर आणि एक पडद्यावर हे त्यांना जमत नव्हतं. मग कुंदा हातानं लिहिलेली मूळ पत्रिका माइकसमोर मोठ्यानं वाचायची आणि तो आवाज यंत्रात ठेवायची. गुरुजी नंतर निवांत ऐकत पडद्यावरचा मजकूर तपासायचे. ती नुसती नावं वाचायची नाही, चिन्हंही वाचायची. "श्री, टिंब, कंस सुरू, उचगाव, कंस बंद, स्वल्पविराम." काम झालं की आवाज पुसून टाकायचे, कारण डिस्क लहान होती.

उचगावच्या कुणा पाटलाच्या घरची पत्रिका आली तेव्हा मी तिथेच होते. पट्टी बसवून जमिनीवरच टेकले होते. कुंदा वाचत होती. नातेवाइकांची यादी संपेना. मध्येच तिला हसू फुटलं. "आप्पा, हे मामा तिसऱ्यांदा आलेत बघा!" गुरुजी म्हणाले, "येऊ दे, आहेर तिप्पट देतील." ती पुन्हा वाचायला लागली, घसा कोरडा झाला, आणि माइक चालू असतानाच माझ्याकडे न बघता म्हणाली, "रत्ने, जरा पाणी आण की गं."

मी उठले. काकू परसात होत्या. दुसरं कुणी नव्हतं. मी उंबऱ्याशी थांबले आणि मग आत गेले. माठावरचं झाकण माझ्या हातात होतं तेव्हाच काकू मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "त्यो तांब्या नगो, धुरकटलाय. फळीवरचा घे, घासल्याला हाय." एवढंच. मी पाणी नेलं, कुंदा घटाघट प्यायली आणि पुढचं गाव वाचायला लागली.

चार दिवसांनी तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ डोक्यात गेली म्हणाले. बेळगावच्या दवाखान्यात नेलं, तिथून तिला परत आणलं ते कसं, हे मी लिहीत नाही. त्या गडबडीत पाटलाच्या पत्रिकेचा आवाज पुसायचा राहून गेला. तेवढाच राहिला.

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला झरोक्यातून कुंदा बोलायला लागली. "श्री, टिंब, कंस सुरू, उचगाव." आईच्या हातातलं पान खाली पडलं. आक्का म्हणाली, "मशिनीतला हाय गं त्यो आवाज, मशिनीतला," पण तिचाही हात थांबला होता. त्या दिवसापासून रोज, काकूंनी देवापुढे दिवा लावला की गुरुजी ती पत्रिका लावायचे. दहा-बारा मिनिटांचं ते होतं. आम्ही बिड्या वळत ऐकायचो. कुठे कुठलं गाव येणार, कुठे मामा तिसऱ्यांदा येणार, आम्हाला पाठ झालं. हसण्याच्या जागेला आईही जराशी हसायची आणि लगेच डोळे पुसायची. आणि मग ती मला पाणी मागायची. खरं सांगते, तेव्हा मला ते आवडायचं. मेलेल्या मैत्रिणीच्या तोंडी रोज आपलं नाव येतं, असं कुणाच्या नशिबी असतं?

आषाढात यंत्राची पेटी गंजून आतला पंखा बंद पडला. गुरुजींनी बेळगावहून डिस्क सोडून सगळं असलेली दुसरी पेटी मागवली. डिस्क काढून तीत बसवायची होती. बेळगावचा मेकॅनिक येतो येतो म्हणत आला नाही. चार संध्याकाळी झरोका गप्प राहिला. पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः आमच्या दाराशी आले. याआधी ते कधी आमच्या गल्लीत आले नव्हते. आईनं गडबडीनं सूप बाजूला ठेवलं. ते म्हणाले, "रत्ना, तुला जमेल का बघ. चार दिवस झाले." कशाला चार दिवस झाले, ते बोलले नाहीत.

मी जुनी पेटी उघडली. डिस्क काढली, पट्टी काढली. नव्या पेटीत डिस्कची जागा वेगळी होती, पट्टी तिथे दोनदा दुमडून न्यावी लागणार होती. आणि पट्टी इतकी वर्षं आतल्या उष्णतेनं ताठ झाली होती. मी वाकवून पाहिली. उन्हात राहिलेल्या पानासारखी कुरकुरली. माझ्या बोटांनी लगेच सांगितलं, ही तडकणार. मी गुरुजींना म्हणाले, "उद्या सकाळी बसवते." पट्टी घरी आणली आणि पानांच्या गठ्ठ्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

आज हे लिहिताना मला माझेच हात दिसतात. दोन टोकांची काळी बोंडं आधी बाहेर ठेवावीत असंही मला वाटलं नाही. पान कसं, देठासकट भिजवतात.

सकाळी मला ती मऊ वाटली. खरंच मऊ झाली होती की मला तसं हवं होतं, देव जाणे. पदरानं पुसली, बोंडांत फुंकर मारली, अंगठ्याच्या नखानं घडी बसवली, लाल कड बघून दोन्ही टोकं दाबली. घडी उसवू नये म्हणून बिडीच्या दोऱ्याचे दोन वेढेही दिले. गुरुजींनी बटण दाबलं. डिस्क कुरकुरली, आणि काही वेळानं कुंदा म्हणाली, "श्री, टिंब." गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकूंनी वाटीत शिरा दिला. घरी येऊन मी तो आक्काला दाखवून दाखवून खाल्ला.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी हिंडलगा हे गाव म्हणताना ती "हिंड" म्हणाली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मामा आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी एकच गाव ती पुनःपुन्हा म्हणत राहिली, कुणी गळा धरल्यासारखं. आई म्हणाली, "रत्ने, झरोक्याला बोळा लाव." मी लावला नाही. मग यंत्र सुरूच होईना.

मेकॅनिक आला तेव्हा मला बोलावलं होतं, झाकण मीच उघडलं होतं म्हणून. त्यानं दोरा कापला, पट्टी उपसली आणि बोंड उजेडात धरलं. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा गंज पिनांवर चढला होता. मला पाहताक्षणी समजलं. तो कानडी ढंगात म्हणाला, "एन्री गुरुजी, छप्पर गळतंय काय? पाणी गेलंय की हो आत. डिस्कवरचं सगळं इस्कटलंय."

काकूंनी पुढे होऊन पट्टी त्याच्या हातातून घेतली. चेहऱ्याजवळ नेली. मला वाटलं, नीट दिसावं म्हणून नेली असेल. मग तिची गुंडाळी करून त्या म्हणाल्या, "गळतंय. त्या कोपऱ्यात. मी म्हनतच हुते ह्यास्नी." गुरुजींनी मान वर करून कौलांकडे पाहिलं आणि बराच वेळ तसेच बघत राहिले.

मेकॅनिकनं डिस्क बेळगावला नेली, आठ दिवसांनी परत आणली. पाटलाच्या पत्रिकेतला एक तुकडा त्याला मिळाला होता. बाकी काही नाही. त्या संध्याकाळी काकूंनी दिवा लावला, आमचे तिघींचे हात थांबले, आणि झरोक्यातून कुंदा म्हणाली, "रत्ने, जरा पाणी आण की गं."

पुढे काही नाही. ना गाव, ना स्वल्पविराम. रोज तेवढंच. गुरुजी ते दोनदा लावायचे, कधी तीनदा. त्यांना मला टोचायचं नव्हतं हे मला कळत होतं; त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. पण पाण्यानंच मी तिचा आवाज घालवला होता, आणि ती मला रोज पाणीच मागत होती. एकदा शेजारची नवी सून दाराशी बसली होती, तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "जा की गं, कवाधरनं हाक मारतीया कोन तुला!" आई तिच्या अंगावर इतकी ओरडली की ती बिचारी रडायला लागली. एका संध्याकाळी मी खरंच तांब्या भरून झरोक्याखाली ठेवला. सकाळी आक्कानं तो पानांवर शिंपडून टाकला. "इथं पानी काय फुकट येतंय व्हय?" ती म्हणाली.

श्रावण संपल्यावर गुरुजींनी छप्पर काढायला घेतलं. सगळी कौलं उतरवून नवी घालायची, वासेही बदलायचे. कामावरचा गवंडी वरून म्हणाला, "गुरुजी, वासं चांगलं हाईत की. कशाला काढताय?" मी त्या दिवशी सांगायचं ठरवून गेले होते. अंगणात कौलांचा ढीग होता आणि गुरुजी एकेक कौल उजेडात धरून बघत होते. मला पाहून त्यांनी एक पुढे केलं. "हे बघ, रत्ना. सापडलं." कौलावर केसाएवढी भेग होती. गवंडी हसला, "ह्येच्यातनं मुंगीबी भिजायची न्हाई, गुरुजी." पण गुरुजींनी ते कौल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. मी म्हणाले, "व्हय गुरुजी, ह्येच्यातनंच आलं असंल." आणि घरी आले. आयुष्यात मी एवढं मोठं खोटं पुन्हा बोलले नाही. छपराला किती गेले ते गुरुजी ओट्यावर कुणाला तरी सांगत होते, झरोक्यातून ऐकू आलं. सात हजार चारशे. ते मी बिडीच्या दोऱ्याला शंभराला एक अशा गाठी मारून लक्षात ठेवलं, कारण लिहून ठेवलं तर कुणी वाचेल ही भीती.

हिंडलग्याचं स्थळ आलं तेव्हा मी मुलगा न बघताच हो म्हणाले. निपाणी सुटली तर आवाज सुटेल असं वाटलं. सुटला नाही. आजही दिवेलागणीला मुलगी नुसतं "आई, पाणी" म्हणाली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. तिचा लॅपटॉप बोटभर जाडीचा आहे, त्याला उघडायचं झाकणही नाही. मी एकदा विचारलं, "ह्यातला आवाज कधी जातो का गं?" ती हसली. "दहा ठिकाणी ठेवलेला असतो, आई."

बेळगावात एका वसतिगृहात मी भाकऱ्या करते. नवऱ्याला घरखर्च देऊन उरेल ते साडीच्या घडीत ठेवायचे आणि उरसाला माहेरी गेले की काकूंना नेऊन द्यायचे. पहिल्यांदा दिले तेव्हा "कुंदाच्या नावानं," एवढंच म्हणाले. काकूंनी काही विचारलं नाही, माझ्यासमोर मोजलेही नाहीत. पदराला बांधून आत गेल्या. कधी तीनशे, कधी पाचशे, मुलीच्या वेळी दोन वर्षं काहीच नाही. दरम्यान गुरुजी गेले. यंत्र भंगारात गेलं. मी दरवर्षी सांगायचं ठरवून जायची, आणि पैसे देऊन परत यायची. परत आले की दोऱ्याच्या तेवढ्या गाठी सोडायची.

यंदा शेवटच्या गाठी होत्या. काकू आता ऐंशीच्या पुढे, खाटेवर बसूनच असतात. छप्पर अजून तेच, नवं घातलेलं, काळं पडलेलं. मी नोटा त्यांच्या हातात दिल्या. या वेळी त्यांनी त्या पदराला बांधल्या नाहीत. मांडीवर ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रत्ने, जरा पाणी आण की गं."

आवाज म्हातारा होता, पण ओढ तीच. मी आत गेले. माठ त्याच कोपऱ्यात होता. फळीवरचा घासलेला तांब्या घेतला, भरला, आणला. त्या दोन घोट प्यायल्या, उरलेल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि एकेक नोट मोजायला लागल्या. ओठ हलत होते. शेवटच्या नोटेला थांबून म्हणाल्या, "छपराचं फिटलं बघ आज."

मी तांब्या उचलून खाटेखाली ठेवला.

"त्या पट्टीला जर्द्याचा वास मारत हुता," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकला कळला न्हाई. मला कळला."

"आणि गुरुजींना?"

"त्यास्नी छपराचंच बरं वाटलं. छप्पर दुरुस्त करता येतंय."

मग त्यांनी नोटांमधून पन्नासची एक वेगळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. "ही जास्तीची आलीया. सात हजार चारशेच हुतं. तू मोजण्यात चुकलीस." मी नको म्हणाले. "धर," त्या म्हणाल्या, "हिशोब पुरा झाला." बाकीच्या नोटा त्यांनी पदराच्या टोकाला बांधल्या आणि गाठ घट्ट ओढली.